तांदा अर्धी सोडली त्याची गोष्ट

ब्यूनोस आयर्सला येऊन दीड वर्ष झालं, टँगो शिकायला लागून आठ महिने, पण परवाच्या मिलोंगात, म्हणजे टँगो नाचायच्या कार्यक्रमात, जे झालं ते अजून मनातून जात नाहीये. सत्तरीचे एक आजोबा, कडक इस्त्रीचा सूट, त्यांच्याबरोबर दी सार्लीच्या ऑर्केस्ट्राचं पहिलं गाणं इतकं छान झालं की मी मनापासून "ग्रासियास", म्हणजे थँक्यू, म्हणाले, तर त्यांचा चेहराच उतरला, मान लववून मला खुर्चीपर्यंत सोडून गेले. मग शेजारच्या बाईंनी सांगितलं की तीन-चार गाण्यांची एक तांदा असते, तिच्या मध्येच थँक्यू म्हटलं की 'बास, तुमच्याबरोबर पुढे नाचायचं नाही' असा अर्थ होतो. आपल्याकडे घरच्या माणसाला थँक्यू म्हटलं की "परकं केलंस" म्हणतात ना, अगदी तसंच झालं की हे!

इथला मला सगळ्यात आवडलेला नियम म्हणजे काबेसेओ. नाचायला विचारायचं ते नुसत्या नजरेने. हॉलच्या त्या टोकाला बसलेला माणूस तुमच्याकडे बघतो, तुम्हीही बघत राहिलात तर तो किंचित मान हलवतो, तुम्ही हलवलीत की तो उठून येतो. नको असेल तर नजर वळवायची, विषय संपला. नकार चारचौघांत होत नाही, कुणी हात धरून ओढत नाही, "एकच गाणं" म्हणून मागे लागत नाही. सोसायटीच्या गणपतीत आणि लग्नाच्या वरातीत बायकांना किती वेळा ओढून नाचायला नेतात ते आठवा. मला नजर खाली ठेवायची सवय, म्हणून पहिले दोन महिने नुसती बसून होते, हेही खरं.

आई फोनवर म्हणते, परक्या पुरुषाच्या मिठीत कशी गं नाचतेस? 2009 मध्ये युनेस्कोने अर्जेंटिना आणि उरुग्वे दोघांचा वारसा म्हणून टँगोची नोंद केली, हे सांगून झालं, तिला काही फरक पडला नाही. मग म्हटलं, आई, मंगळागौरीची फुगडी आठव, हात धरून दोघी मागे झुकतात, एकीने सोडलं तर दुसरी पडणार. इथे पुढे झुकायचं, छातीला छाती टेकून, त्याने वजन कुठल्या पायावर घेतलं ते तिथूनच कळतं, पायांकडे बघावंच लागत नाही. ती गप्प बसली. पटलं असं नाही, पण मला यात काही चुकीचं वाटत नाही आणि आता लपवतही नाही.

शनिवारी परत जाणारे. आजोबा त्यांच्या नेहमीच्या टेबलाशी असतील, तर त्यांची नजर माझ्याकडे वळेपर्यंत मी बघत राहणार, आणि चारही गाणी संपेपर्यंत तोंडातून शब्द काढणार नाही.