व्हिएतनामला विद्यार्थी नेताय? युद्ध शेवटी ठेवा

इतिहास विभागाची अभ्याससहल यंदा व्हिएतनामला नेली. पालकसभेत अपेक्षेप्रमाणे तो फॉरवर्ड निघालाच: शिवरायांच्या गनिमी काव्यावर व्हिएतनामनं अमेरिकेला हरवलं. मुलांना म्हटलं, चला, तिथं जाऊन पुरावा शोधा. हनोईच्या इतिहास संग्रहालयात त्यांना सापडले बाक डांग नदीतले लाकडी खुंट. १२८८ मध्ये सेनापती त्रान हुंग दाओनं ते नदीच्या तळाशी रोवले, भरतीत मंगोल आरमाराला आत ओढलं आणि ओहोटी लागताच जहाजं त्यांवर अडकली. न्गो क्विएननं ९३८ मध्ये चिनी आरमाराला असंच बुडवलं होतं. फॉरवर्डची चर्चा तिथंच संपली.

म्हणून सांगतो, सहल उत्तरेकडून दक्षिणेकडे आखा. आधी दक्षिणेतलं सायगॉन (आताचं हो चि मिन्ह शहर) घेतलं की मुलं अमेरिकेच्या युद्धातच गुंततात आणि हजारेक वर्षांची चिनी सत्ता, मध्य व्हिएतनाममधली चाम लोकांची राज्यं, शेवटचं न्गुएन राजघराणं सगळं तळटीप होऊन बसतं.

हनोईत १०७० सालच्या साहित्य मंदिराला सकाळ द्या. राजदरबारची परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांची नावं कोरलेल्या ८२ शिळा दगडी कासवांच्या पाठीवर उभ्या आहेत. एमपीएससीवाली आमची पोरं तिथून हलेनात! हो चि मिन्ह यांची समाधी सोमवारी आणि शुक्रवारी बंद असते, एरवीही फक्त सकाळी उघडी. हाफ पँट, बिनबाह्यांचे कपडे चालत नाहीत.

ह्युए ते दा नांग बस नको, रेल्वेनं जा. डावीकडच्या खिडक्या मिळवा, हाय वान घाटात समुद्र त्याच बाजूला आहे.

सहलीचा गाभा मात्र ‘मी सन’ हा चाम राजांचा देवळांचा परिसर. चौथ्या शतकात राजा भद्रवर्मनानं इथं भद्रेश्वर नावानं शिव स्थापला. विटांची देवळं अशी की सांध्यात चुना दिसत नाही; एका मुलानं नख घालून पाहिलं, शिरलं नाही. शेजारीच अमेरिकी बॉम्बचे खड्डे. सगळ्यात उंच मंदिर १९६९ मध्ये पडलं, आता नुसते अवशेष. जीर्णोद्धारात आपलं पुरातत्त्व सर्वेक्षण आहे. २०२० मध्ये त्यांना इथं नवव्या शतकातलं अखंड शिवलिंग मिळालं. शिलालेख बरेचसे संस्कृतात, पण लिपी नागरी नाही. देवनागरी लिप्यंतर छापून न्या, मुलं तिथंच बसून वाचतात. ऊन चढायच्या आत पोहोचा आणि मूर्तींसाठी दा नांगचं चाम संग्रहालय जोडून घ्या.

सायगॉनच्या युद्ध संग्रहालयात एजंट ऑरेंज या अमेरिकेनं फवारलेल्या विषारी रसायनाच्या बळींची छायाचित्रं आहेत. मुलांना आधी कल्पना द्या, आणि त्यानंतर लगेच व्हिएतनामी गनिमांनी युद्धात वापरलेले कू चीचे भुयारी मार्ग ठेवू नका. दम्याचा त्रास असेल त्यानं भुयारात शिरू नये.

शाकाहाऱ्यांनी ‘आन चाय’ (शाकाहारी) म्हणावं. नुसतं ‘मांस नको’ म्हटलं तर भाजीत माशांचा सॉस येतोच. पाच लाख आणि वीस हजार डोंगच्या नोटा दोन्ही निळसर, घाईत हमखास गफलत होते. खजिनदार एकच नेमा.

दिवाळीच्या सुट्टीचा मोह टाळा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ह्युए आणि होई आनमध्ये पूर येतात. तेत या नववर्षाच्या आठवड्यात बरंच काही बंद. तेत उरकल्यावर, मार्चच्या आसपास जमवा. परीक्षा विभागाशी भांडावं लागलं तरी भांडा.