कोन चुकतो तो चरणामुळे

बिंदू (−३, ४) घ्या आणि त्याचे ध्रुवीय निर्देशक काढा, म्हणजे आरंभबिंदूपासूनचं अंतर आणि क्ष-अक्षाच्या धन बाजूपासून मोजलेला कोन. अंतर सोपं आहे: ९ + १६ = २५, वर्गमूळ ५. गडबड होते ती कोनात. ४ ÷ (−३) चा टॅन इन्व्हर्स काढला की कॅल्क्युलेटर −५३.१३° दाखवतो. हा कोन चौथ्या चरणातला, आपला बिंदू मात्र दुसऱ्यातला. भागाकार करताच दोन्ही चिन्हं एकात मिसळतात, त्यामुळे (३, −४) लाही हेच उत्तर येतं. क्ष ऋण असेल तर १८०° मिळवा: १२६.८७°.

प्रोग्राममध्ये सरळ एटॅन२ (atan2) हे फंक्शन वापरावं; ते क्ष आणि य वेगवेगळे घेऊन योग्य चरणातला कोन देतं. क्ष शून्य असला तरी ते अडत नाही. फक्त क्रम सांभाळा! पायथॉनमध्ये आधी य, एक्सेलमध्ये आधी क्ष. शिवाय दोन्हीकडे उत्तर रेडियनमध्ये येतं, इथे २.२१४३.