परकराची नाडी आणि नवी किडनी
नवी किडनी मूळ जागी बसवत नाहीत, हे मलाही आधी ठाऊक नव्हतं. जुन्या दोन्ही सहसा तशाच मागे राहतात. नवी माझ्या ओटीपोटात उजवीकडे आहे, कातडीखाली हाताला लागेल अशी. परकराची नाडी मी आता जरा वर बांधते.

आत्याबाईंना भलतीच काळजी. "कुणाची गं? बाप्याची की बाईची? आवडीनिवडी बदलल्या का?" दात्याचं नाव आपल्याकडे सांगत नाहीत, आणि खरं सांगू, मला ते नकोच आहे. कुणाच्या तरी घरी रडारड चालू होती तेव्हा आमच्याकडे फोन आला आणि मी हरखून पिशवी भरली. ते अजून पचलेलं नाही.

आवडी त्याच आहेत, फक्त पपनस बंद. त्याने रक्तातलं टॅक्रोलिमस, म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून घ्यायचं औषध, वाढतं. गोळी चुकवली तर शरीर किडनीवरच उलटतं, म्हणून रोज घड्याळ लावून घ्यायची. कोकणातल्या माणसाला पपनस बंद म्हणजे शिक्षाच हो!

नेत्रदानाचा फॉर्म मीही भरलाय. मृत्यूनंतर साधारण ६ तासांत डोळे काढावे लागतात, म्हणून नेत्रपेढीचा नंबर फ्रिजवर चिकटवलाय. आत्याबाई त्यावर दुधाचं बिल लावतात.