तापलेल्या यंत्रातील शाफ्टची रेषा
मोटर आणि पंप यांचे शाफ्ट (फिरणारे दांडे) एका रेषेत जुळवताना डायल गेजवर, म्हणजे सूक्ष्म फरक दाखवणाऱ्या काट्याच्या मापकावर, शून्य दिसले की काम संपले, असे मानण्याची घाई मला खटकते. यंत्र थंड असताना साधलेली रेषा ते तापल्यावर तशीच राहत नाही. पोलाद दर मीटरला, दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.०१२ मिलिमीटर वाढते. म्हणजे शाफ्टच्या मध्यापर्यंत अर्धा मीटर उंचीचा पंपाचा पोलादी आधार ५० अंशांनी तापला, तर पंपाचा शाफ्ट ०.३ मिलिमीटर वर सरकतो, आणि वेगाने फिरणाऱ्या यंत्रात एवढा फरक कपलिंग (दोन शाफ्ट जोडणारा भाग), बेअरिंग व गळती रोखणारे सील यांचे आयुष्य कमी करायला पुरेसा असतो. मोटरही थोडी तापतेच, म्हणून दोघांच्या वाढीतील फरक काढून थंड अवस्थेत मोटर मुद्दाम तेवढी उंच ठेवावी लागते.

अर्थात, त्याआधी मोटरचे पाय तपासणे मी अत्यावश्यक मानतो. एकेक बोल्ट सैल केल्यावर एखादा पाय ०.०५ मिलिमीटरपेक्षा अधिक उचलला जात असेल, तर त्याखाली योग्य जाडीची शिम (धातूची पातळ पट्टी) घालावी. अन्यथा बोल्ट आवळताच मोटरची चौकट पिळवटते आणि आधीची सारी मोजमापे निरुपयोगी ठरतात.