कोअर बॉक्समधला रिकामा खण

रत्नागिरीकडच्या एका सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, दरडीचा धोका तपासायला आमचं बोअर चालू होतं. मे महिना, जांभा तव्यासारखा तापलेला. खाली उतारावर पंचवीसेक घरांची वाडी आणि सड्याच्या कडेला हातभर रुंद फट. 2021च्या 22 जुलैला महाडजवळचं तळिये दरडीखाली गेलं, तेव्हापासून अशी फट दिसली की वाडीचा पावसाळा जागून जातो.

आधी जमिनीची विद्युतरोधकता, म्हणजे ती विजेला किती अडवते ते, मोजली होती. कोरड्या जांभ्यात करंट शिरेना, म्हणून प्रत्येक खुंटीपाशी मिठाचं पाणी ओतलं. वरचा आकडा दोन हजार ओहम-मीटरच्या पुढे, आणि नऊ मीटरच्या सुमारास एकदम तीसवर. सोबत्याला केबलचा संशय आला. केबल बदलली, आकडा तोच.

बोअरमध्येही नऊ मीटरवर रॉड आपसूक खाली गेला. ड्रिलिंगसाठी आत सोडलेलं, परत वर येणारं पाणी बंद. दीड मीटरच्या रनमध्ये, म्हणजे खोदाईच्या एका खेपेत, हाती काही नाही.

"माती होती मॅडम, वाहून गेली. पुढे घेऊ?" ड्रिलर म्हणाला. त्याला पैसे मीटरवर. खोटं कशाला बोलू, मीही मान डोलवणारच होते. जी माती डोंगर घसरवते, तीच नेमकी ड्रिलिंगच्या पाण्यात जाते आणि कोअर बॉक्सच्या, म्हणजे नमुने मांडायच्या पेटीच्या, त्या खणात खूण म्हणून नुसता लाकडी ठोकळा उरतो.

तेवढ्यात खालून एक आजोबा धापा टाकत आले. "बाय, वर काय करताव? इहिरीचं पाणी ताकासारखं झालंय!"

धावत उतरलो. खरंच, पांढरट पिवळं पाणी. वर गडप झालेलं आमचंच पाणी तासाभरात इथं पोचलं होतं. पावसाचंही तसंच होत असणार: जांभ्याच्या भोकांतून उतरायचं, खालच्या चिकणमातीवर अडायचं आणि तिच्या पाठीवरून उताराकडे सरकायचं.

दुसऱ्या दिवशी दोन मीटर सरकून, पाणी न वापरता, नऊ मीटरवर पातळ भिंतीची नळी दाबली. लोण्यासारखा मऊ गोळा निघाला. आजोबांनी तो बोटांत चोळला.

"ही शेडी. इहीर खणताना लागली. काठ सारखा ढासळायचा, बापानं काम थितंच थांबवलं."

"किती हातांवर?"

आजोबा विचारात पडले. मग काठी उचलून विहिरीकडे चालू लागले, आणि टेप घेऊन मी त्यांच्या मागे.