तुम्ही विचारलंत म्हणून: बेळगावचा माणूस डायव्हिंगच्या प्रदर्शनात

उद्यमबागेतल्या चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत, अगदी बँकेच्या रांगेतसुद्धा मला हेच विचारतात: "बेळगावात समुद्र नाही, तुम्ही स्वतः पाण्यात उतरत नाही, मग सिंगापूरच्या त्या स्कुबावाल्यांच्या प्रदर्शनाला कशाला जातासा?" पाठोपाठ दुसरा प्रश्न येतोच: "ऑर्डर मिळाली काय?"

नाही मिळाली. तिथून मला अजून एक रुपयाचीही ऑर्डर मिळालेली नाही.

आणि समुद्राचं म्हणाल, तर तो आपल्यापासून लांब नाही. बेळगावची कितीतरी पोरं शनिवारी मालवणला नाहीतर गोव्याला जाऊन बुडी मारतात आणि त्याच संध्याकाळी आंबोली नाहीतर चोर्ला चढून घरी येतात. बुडीनंतर विमानात बसायच्या आधी थांबायचं असतं, एका बुडीनंतर किमान १२ तास, जास्त बुड्या असतील तर १८. हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण हा नियम दोन हजार फुटांपासूनच लागू होतो आणि बेळगाव त्याहून उंचावर आहे. बुडीत रक्तात विरघळलेला नायट्रोजन उंचीवर बुडबुडे होऊन बाहेर येतो, आणि तो विमान आणि घाट असा भेद करत नाही. हे आपल्याकडच्या किती जणांना कुणी सांगितलंय? म्हणून "बेळगावचा काय संबंध" असं कुणी म्हणालं की मला राग येतो.

आता माझ्या कामाचं. आमच्या शेडमध्ये लेथवर आटे पाडायचं, मापं तपासायची गेजं बनवायचं काम चालतं. मालवणकडून एक मुलगा बुडी मारणाऱ्यांच्या हवेच्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह घेऊन शेडवर आला होता. "काका, ह्यो जरासो हलता," म्हणाला. आमच्या लेथवाल्याने तो उजेडात धरून फिरवला. खालच्या चार-पाच आट्यांची टोकं घासून चकचकीत झाली होती, वरचे आटे मात्र कोरे. "सावकार, हा दुसऱ्या मापात बसवलाय," तो म्हणाला. बरोबर होतं. व्हॉल्व्ह एम पंचवीस बाय दोनचा, म्हणजे पंचवीस मिलिमीटर व्यासाचा, दोन मिलिमीटरच्या आट्यांचा, आणि सिलिंडरची मान पाऊण इंची. पाऊण इंची हे पाइपच्या मापाचं नुसतं नाव, प्रत्यक्षात ती पंचवीस मिलिमीटरहून थोडी मोठीच असते. फरक जेमतेम दीड मिलिमीटरचा. हाताने फिरवला की आत जातो, बसल्यासारखाही वाटतो. हवा अडवायला ओ-रिंग, म्हणजे रबराची कडी असते, आट्यांनी फक्त धरून ठेवायचं. पण २०० बार दाबाने हवा भरल्यावर त्या पंचवीस मिलिमीटरच्या तोंडावर जवळजवळ एक टन जोर येतो. आटे सुटले तर तो व्हॉल्व्ह भरणाऱ्याच्या तोंडासमोरूनच उडणार. असे अपघात जगात झालेले आहेत. या मुलाला हललेलं वेळेवर जाणवलं, म्हणून तो माझ्यासमोर उभा होता.

त्यावर इलाज अवघड नाही. एक प्लग गेज, म्हणजे भोकाचं माप तपासायची पोलादी दांडी, पुरतं: एका टोकाला गो, ते आत गेलंच पाहिजे; दुसऱ्या टोकाला नो-गो, ते जाता कामा नये. नो-गो मानेत शिरलं की सिलिंडर बाजूला. असं गेज आम्ही डोळे झाकून करतो. मी ते केलं, आणि ते घेऊन एडेक्सला गेलो. एडेक्स म्हणजेच सिंगापूरचं ते स्कुबाचं प्रदर्शन, १९९५पासून भरतं. आशियातले सिलिंडर भरणारे, विकणारे, दुरुस्त करणारे तिथे एका छताखाली भेटतात. आणखी कुठे जायचं होतं मी?

तिथे जे घडलं ते मी घरीसुद्धा नीट सांगितलेलं नाही. एका मोठ्या वितरकाच्या स्टॉलवर गेलो. तिथल्या माणसाने गेज हातात घेतलं, वजन पाहिलं, ग्राइंडिंगवरून नख फिरवलं. त्याला कळत होतं, हे मला दिसलं. मग त्याने विचारलं, "तुम्ही डाईव्ह करता?" मी नाही म्हणालो. त्याने गेज टेबलावर ठेवलं आणि माझ्या मागच्या माणसाशी बोलायला लागला. तो उद्धट नव्हता. जाता जाता म्हणाला, एकदा खाली जाऊन या, मग बोलू.

हॉलमध्ये नवख्यांसाठी पाण्याची टाकी होती. मी तिथे गेलो आणि फॉर्म घेतला. त्यात विचारलं होतं: कानाचा आजार, कानाची शस्त्रक्रिया, कधी झाली आहे का? लहानपणापासून माझा डावा कान वाहायचा. पडद्याला भोक आहे. तिथून थंड पाणी आत गेलं की माणसाला पाण्याखाली घेरी येते, वर कुठे आणि खाली कुठे तेही कळत नाही. डॉक्टरांनी फार पूर्वीच नको म्हणून सांगितलंय. आणि तरी पेन 'नाही'च्या चौकोनावर धरून मी किती वेळ उभा होतो! काचेपलीकडे दहा-बारा वर्षांची एक मुलगी तळाशी बसून हात हलवत होती. टाकीच तर आहे, कुणाला कळणार, असं वाटत होतं. पण जो माणूस "माप चुकवू नका" हे सांगायला इतक्या लांब आलाय, तो स्वतःच्या कानाचं माप खोटं कसं लिहील? मी 'होय'वर खूण केली आणि फॉर्म परत दिला. तिथल्या मुलीने तो बघून 'सॉरी, अंकल' म्हटलं. त्यानंतर त्या दिवशी मी एकाही स्टॉलवर गेलो नाही.

त्या रात्री मला तो स्टॉलवाला बरोबर वाटत होता. जो खाली गेला नाही त्याने तिथल्या माणसांना शहाणपण शिकवू नये, असंच वाटलं. आज मी त्या रात्रीच्या माझ्याशी भांडतो. व्हॉल्व्ह उडतो तो पाण्याखाली नव्हे, काठावर, कॉम्प्रेसरशेजारी. तिथे आट्यांची जाण लागते आणि ती माझ्याकडे आहे. पण एवढं म्हणून मी मोकळा होत नाही. गेजला ओएचएनएस नावाचं कडक पोलाद वापरतात, ते खाऱ्या हवेत किती लवकर गंजतं आणि तेलकट ओल्या हाताला मुठीवरची नक्षी किती खोल लागते, हे मला मालवणच्या त्याच मुलाने सांगितलं. म्हणजे पाण्याजवळच्या माणसाला काहीतरी जास्त कळतं, हे खरंच आहे. किती जास्त, ते मला अजून ठरवता येत नाही.

घरी म्हणतात, "अहो, गेज कुरियरने पाठवा, फोटो पाठवा, तेवढ्या पैशात छपराचे पत्रे बदलून होतील." पत्रे गळतात, हे खरं. पण फोटो बघून कुणी नख फिरवत नाही, आणि आपल्या पिशवीतला खराब व्हॉल्व्ह काढून दाखवत नाही. सिंगापुरात दुरुस्तीवाले दाखवतात. ऑर्डर न देता तासभर बोलत बसतात. मला त्यांच्याकडूनच पाऊण इंचीच्याही दोन जाती कळल्या, एक पंचावन्न अंशांच्या कोनाच्या आट्यांची आणि एक साठ अंशांची, आणि त्यामुळे माझं एक गेज पुरणार नाही हेही कळलं. दुसऱ्या गेजचं ड्रॉइंग आता टेबलावर आहे. पत्र्यांचं काम पावसाळ्याआधी करायचं, यावर घरी एकमत झालंय. प्रदर्शनाचं अजून नाही.