तुम्ही विचारलंत म्हणून: मुक्कामाच्या गाडीतली बॅटरी

शनिवारी दुपारी निघायचं, सातपुड्यात पालच्या नाहीतर तोरणमाळच्या बाजूला गाडी लावायची, रात्री गाडीतच आडवं व्हायचं आणि रविवारी संध्याकाळी घर. "यासाठी लिथियम बॅटरी कोणती टाकू, भाऊ? शंभर एएच पुरेल की दोनशेच घेऊ?" हे मला लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारतात. वाढप्याला नको म्हणता म्हणता याचं उत्तर देता येत नाही, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

माझा उलटा प्रश्न एकच असतो: फ्रिज नेणार का?

नसेल न्यायचा तर शंभर एएचची गरजच नाही. हिशोब करा: एएच म्हणजे अँपिअर-अवर, त्याला व्होल्टने गुणलं की वॉट-अवर, म्हणजे बॅटरीत मावणारी वीज. १२ व्होल्टचा छोटा पंखा २० वॉट खातो, आठ तास चालला तर १६० वॉट-अवर. एलईडी दिवे संध्याकाळभर, ४०. घरातले चार मोबाइल, ६०. झाले २६०. ३० एएचची १२.८ व्होल्टची बॅटरी ३८४ वॉट-अवर देते, म्हणजे भागलं. त्यापेक्षा ५०० वॉट-अवरचं तयार पॉवर स्टेशन घ्या, घरी लाइट गेली की वायफायला लावा. गाडीच्या वायरिंगला हात नको, वॉरंटीचा वाद नको. विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांना मी हेच सांगतो आणि बहुतेकांचा चेहरा पडतो, कारण डिकीत जाड लाल-काळ्या वायरी बसवायची हौस घेऊन ते आलेले असतात. हौसेला मोल नाही, तेव्हा पुढचं त्यांच्यासाठी.

फ्रिज आला की गणित बदलतं. कॉम्प्रेसरवाला १२ व्होल्टचा फ्रिज चालू असताना ४५ वॉटच्या आसपास घेतो. दिवाळीनंतरच्या हवेत तो निम्मा वेळ बंद असतो, दिवसाला साडेपाचशे वॉट-अवर. मार्च-एप्रिलात मात्र त्याला उसंत नसते, साडेसातशे सहज. आपल्याकडे फवारणीच्या पंपात असते ती १२ व्होल्ट ८ एएचची बॅटरी म्हणजे ९६ वॉट-अवर. फ्रिज तिला दोन तासांत झोपवेल. शंभर एएचमध्ये १,२८० वॉट-अवर असतात. पंखा, दिवे, फ्रिज सगळं धरून हजार. एका मुक्कामाला पुरून वर थोडं उरतं, आणि दुसऱ्या दिवशी गाडी चालणारच असते. म्हणून दोनशेचे पैसे हातात असले तरी शंभरच घ्या, आणि उरलेले वायर, फ्यूज आणि डीसी-डीसी चार्जरवर (इंजिनाकडची वीज बेताने या बॅटरीत भरणारा डबा) घाला.

आता खरं दुखणं. बाहेरचे व्हिडिओ बघून आलेले हमखास विचारतात, हीटरवाली बॅटरी घेऊ का? लिथियम बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज केली की आतल्या इलेक्ट्रोडवर लिथियमचा धातू साचतो आणि ती कायमची अधू होते. पण ही काळजी लडाखवाल्यांनी करावी. तोरणमाळला डिसेंबरात पहाटे दात वाजतात हे खरं, तरी गाडीच्या आत बॅटरी शून्यावर येत नाही. आपल्याकडे जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि उन्हात बंद करून ठेवलेल्या गाडीत साठीला टेकतो. बहुतेक सेलच्या माहितीपत्रकात चार्जिंगची वरची मर्यादा ४५ ते ६० अंशांच्या मधे कुठेतरी असते. त्यावर गेलं की बीएमएस (बॅटरीच्या आतलं राखणदार सर्किट) चार्जिंग तोडतो. लोक म्हणतात बॅटरी खराब निघाली. ती बिचारी जीव वाचवत असते. तेव्हा बोनेटखाली ही बॅटरी चुकूनही नको. मागच्या सीटच्या पाठीमागे, खालच्या बाजूला, काचेतून ऊन पडणार नाही अशी ठेवा. चहूबाजूंनी दोन बोटं हवा राहू द्या, वर गाद्या-गोधड्या रचू नका. आणि पट्ट्याने आवळा. बारा किलोचं धूड ब्रेक मारल्यावर पुढे यायला वेळ लागत नाही.

रसायन एकच, लोह-फॉस्फेट म्हणजे एलएफपी. हा कॅथोड (बॅटरीतला धन इलेक्ट्रोड) १९९७ साली टेक्सास विद्यापीठातल्या पाधी, नंजुंडस्वामी आणि गुडइनफ यांनी मांडला. यातल्या गुडइनफना पुढे २०१९ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला, तो एकूण लिथियम-आयन बॅटरीवरच्या कामासाठी. एनएमसी म्हणजे निकेल-मँगनीज-कोबाल्टवाल्या लिथियम बॅटरीच्या तुलनेत एलएफपी उष्णता जास्त सोसतं आणि बिघडलं तरी तितकं भडकत नाही. झोपायच्या जागेपासून हातभर अंतरावर ठेवायच्या वस्तूत मला दुसरं काही बघायचं नाही. ओळखायला लेबल वाचा: १२.८ व्होल्ट लिहिलं असेल तर एलएफपी, ११.१ असेल तर एनएमसी. जुन्या स्कूटरचे सेल काढून निळ्या पीव्हीसीत गुंडाळलेले स्वस्त पॅक बाजारात फिरतात, ते घेऊ नका. आणखी एक साधी परीक्षा म्हणजे वजन. शंभर एएचची एलएफपी साधारण दहा ते तेरा किलो भरते. भुसार दुकानाच्या काट्यावर ठेवा. सात किलो दिसली तर दुकानदाराने कितीही शपथा घेतल्या तरी आत शंभर एएच नाही.

चार्जिंगवर मात्र मी सगळ्यांशी वाद घालतो. गॅरेजवाला म्हणेल, डायनॅमोवरून एक वायर ओढू, मधे रिले (आपोआप चालू-बंद होणारं बटण) टाकू, झालं. लेड-ॲसिडला हे चालून जायचं. लिथियमचा आतला रोध इतका कमी की ती मिळेल तेवढा करंट ओढते, आणि घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरवर, इंजिन तापलेलं असताना, डायनॅमो भाजून निघतो. शिवाय बऱ्याच बीएस-६ गाड्यांत इंजिनाची बॅटरी भरली की डायनॅमो स्वतःच व्होल्टेज खाली आणतो, मग रिलेमागच्या लिथियमला भरायला लागणारे १४.४ व्होल्ट मिळणार कुठून? डीसी-डीसी चार्जर दोन्ही प्रश्न मिटवतो. २० अँपिअरचा पुरे. जळगावहून पालला पोचेपर्यंत दोनेक तासांत ४० एएचच्या जवळपास भरतो.

वायर बघून घ्या. बोनेटपासून डिकीपर्यंत पाच मीटर जायला, पाच यायला. ४ चौरस एमएमच्या तांब्याच्या वायरीत २० अँपिअरला जवळजवळ ०.९ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. १० चौरस एमएम घेतली तर ०.३५. पैसे देण्याआधी इंजिन चालू ठेवून, चार्जर पूर्ण जोरात असताना, मीटर आधी पुढच्या बॅटरीवर लावा, मग चार्जरच्या इनपुटवर. फरक अर्ध्या व्होल्टच्या वर दिसला तर वायर बारीक आहे नाहीतर थिंबल (वायरीच्या टोकाला बसवतात तो धातूचा तुकडा) नीट दाबलेलं नाही. थिंबल हाताने ओढून बघा, पक्कडने चेपलेलं निघून हातात येतं. हायड्रॉलिक क्रिंपिंगचं हलत नाही. आणि फ्यूज दोन्ही टोकांना, प्रत्येक बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात. वायरीला दोन्हीकडून करंट आहे हे इलेक्ट्रिशियन विसरतात. पत्र्यावर घासून वायर सोलली तर मधला फ्यूज काही कामाचा नाही.

चोपड्याकडे चहाला थांबलो की कुणीतरी डिकीत डोकावतंच. "हाई काय शे भाऊ?" बॅटरी म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, हिच्यावर विहिरीची मोटर चालेल का? पाच एचपी म्हणजे पावणेचार किलोवॉट. वीस मिनिटांत शंभर एएच रिकामी, तीही बीएमएसने चालू दिलं तर. शहरातले लोक हाच प्रश्न इंडक्शनचा विचारतात. २,००० वॉटची शेगडी १२.८ व्होल्टवर १५० अँपिअरच्या वर ओढते, आणि शंभर एएचच्या बहुतेक बॅटऱ्यांचा बीएमएस १०० ला हात वर करतो. स्वयंपाकाला गॅसची छोटी शेगडी न्या. ओळखीच्या शेतात मुक्काम असेल तर पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांवर, वांगी भाजा. अभयारण्याच्या हद्दीत मात्र आग नाही, आणि परवानगीशिवाय मुक्कामही नाही.

सोलर घ्यायचा तर टपावर कायमचा ठोकू नका. पॅनलला ऊन हवं आणि बॅटरीला, फ्रिजला, आपल्याला सावली. खान्देशात या दोन गोष्टी एकाच टपावर जमत नाहीत. घडीचा १०० वॉटचा पॅनल आणि सहा-सात मीटर वायर आणा, गाडी चिंचेखाली लावा आणि पॅनल उन्हात पसरा. तापलेला पॅनल लेबलावरच्यापेक्षा पंधरा टक्के तरी कमी देतो, ते धरूनही दिवसाचे चारशे वॉट-अवर मिळतात. दोन मुक्काम असतील तर कामाचा, एकाला नको.

बॅटरी किती उरली ते व्होल्टेजवर बघू नका. एलएफपीचं व्होल्टेज भरलेली असताना आणि पाव उरली असताना जवळजवळ सारखंच दिसतं. शंट लावा, तो आत गेलेले आणि बाहेर आलेले अँपिअर मोजतो.

एप्रिल संपला की सपाटीवर मुक्कामाला कुणी जात नाही. तेव्हा बॅटरी साठ-पासष्ट अंशांत गाडीत शिजवण्यापेक्षा काढून घरात आणा, अर्धी भरलेली, सगळ्यात गार खोलीत. भरगच्च चार्ज करून उष्ण जागी ठेवली तर न वापरताही म्हातारी होते. माझी मधल्या घरात पलंगाखाली असते. आईला नेमकी तीच जागा कुरडया-पापडाच्या डब्यांसाठी हवी असते, आणि डबे पत्र्याचे, म्हणून दोन्ही टर्मिनलांवर रबरी टोप्या घातल्या आहेत.